परातीतली दुसरी फेरी

मित्रांनो, परात म्हटलं की तुम्हांला पीठ आठवेल. मलाही आठवतं. मी एक जुनी, जाड ॲल्युमिनियमची परात आहे आणि पहिली चार वर्षं मी स्वयंपाकघरात मानानं काढली. मग एके दिवशी ओट्यावरून निसटले, तळाला पोचा आला आणि मालकीणबाई मालकांना म्हणाल्या, "ही आता डुगडुगते. घेऊन जा तुमच्या दुकानात." मालकांचं दुकान सायकलच्या पंक्चरचं. पिठाची परात पंक्चरच्या पाण्याला लागली! महिनाभर मी नुसती धुमसत होते.

काम कळलं तसा राग गेला. ट्यूबमध्ये हवा भरून ती माझ्या पाण्यात बुडवायची, बुडबुडे येतील तिथं भोक. एवढं कुणालाही येतं. पण इतर दुकानांत पहिलं भोक सापडलं, ठिगळ चिकटलं, की काम खलास. आमचे मालक तसं करत नसत. ठिगळ सुकलं की ते ट्यूबमध्ये पुन्हा हवा भरत आणि ती सबंध, वीतवीत करून, दुसऱ्यांदा पाण्यातून फिरवत. एकच खिळा दोन भोकं पाडतो, हे ते कधी विसरले नाहीत. घाईतली गिऱ्हाइकं वैतागत. "अहो, झालं की आता! आंघोळ घालताय का तिला?" मालक मान वर न करता म्हणत, "रस्त्यावर मी नसतो, तुम्ही असता."

लोकांनी त्यांचं नाव 'दोनफेरे' पाडलं. पाडलं थट्टेनं, पण पुढं त्याच नावावर माणसं विश्वासानं येऊ लागली. वाटेतली दोन दुकानं ओलांडून, सायकल हातात धरून लोक आमच्याकडे येत आणि जाताना निर्धास्त जात. मालकांनी ना दुकान वाढवलं ना घर. याला यश म्हणायचं का, ते तुम्ही ठरवा. मी तर म्हणते बुवा.

मग त्यांची नजर कमी होऊ लागली. हे सगळ्यांत आधी मला कळलं. त्यांचा चेहरा दिवसेंदिवस पाण्याच्या जवळ यायला लागला, इतका की नाकाचा शेंडा भिजे. मोठे बुडबुडे त्यांना दिसत. मोहरीएवढे बुडबुडे त्यांच्या डोळ्यांदेखत वर येऊन फुटत आणि त्यांना पत्ताच नसे. दुकानात त्यांची मुलगीही काम करायची, चाकं सरळ करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिची ट्यूबवर चोरून नजर असे. एखादं भोक राहिलंच तर ती हळूच ट्यूब ओढून घेई. ती म्हणायची, "बाबा, एकदा डोळे दाखवून या ना."

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?" मालक खेकसत. पण दुकानात कुणी नसताना ते पुटपुटले ते मी ऐकलं आहे. "दोनफेरेला दिसत नाही म्हटल्यावर लोक हसतील. मग कोण येणार इथं?"

एका सकाळी मुलगी सामान आणायला गेली होती. शिवणवाल्या मावशी पुढच्या चाकाचं पंक्चर घेऊन आल्या. त्यांना शिवलेले कपडे पोचवायचे होते. मालकांनी भोक शोधलं, ठिगळ लावलं, दुसरी फेरीही अगदी नेमानं घातली. ठिगळापासून बोटभर अंतरावर माझ्या पाण्यात बुडबुड्यांची बारीक माळ उठत होती. मी ती पाहत होते आणि मला तोंड नव्हतं! मालकांनी ट्यूब पुसली. "घ्या मावशी, पक्कं झालं."

दुसऱ्या दिवशी मावशींचे यजमान सायकल ढकलत आले. उतारावर पुढचं चाक बसलं होतं आणि मावशी उजव्या हातावर पडल्या होत्या. मनगट मोडलं होतं. "रस्त्यात काय खिळे थोडे असतात," ते म्हणाले. "तुमचा काय दोष?" मुलीनं ट्यूब काढून माझ्यात बुडवली. तिला ती माळ लगेच दिसली. तिनं बापाकडे पाहिलं आणि म्हणाली, "नवा खिळा आहे, बाबा. पार दुसरीकडे लागलाय."

मालकांनी तिच्या हातातून ट्यूब घेतली. डोळे मिटले आणि दोन्ही हात पाण्यात घालून ते बोटांनी चाचपत गेले. बुडबुडे बोटाला गुदगुल्या करतात, मित्रांनो. त्यांचं बोट थांबलं. शेजारचं बोट त्यांच्या स्वतःच्याच ठिगळावर होतं.

"भोक कालचंच आहे," ते यजमानांना म्हणाले. "मला चार महिने नीट दिसत नाही. मी कुणाला सांगितलं नाही. तुमच्या बाईंचा हात माझ्यामुळं मोडला."

मुलीला रडू फुटलं. यजमानांनी उघडं चाक तसंच सायकलला अडकवलं आणि ते निघून गेले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या, तर मालक इतके खचले नसते.

डोळ्यांत मोतीबिंदू होता. शस्त्रक्रिया झाली, चार दिवसांत लख्ख दिसू लागलं. किती सोपं होतं ते! मावशींचं हाड मात्र वाकडं जुळलं. कात्री त्यांच्या बोटांत पुन्हा बसली नाही आणि शिवणयंत्र विकलं गेलं. मालक दुकानात येत, कोपऱ्यात बसत, पण परातीला हात लावत नसत. मुलगीच सगळं करायची आणि दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलायची. नव्या खिळ्याचं जे खोटं तिनं प्रेमापोटी सांगितलं होतं, ते दोघांच्या मधे बसून होतं.

वर्षानं मावशी आल्या. तीच सायकल, सोबत त्यांची लेक. "आता ही चालवणार आहे," त्या म्हणाल्या. "चाकं बघून द्या."

मालक उठलेच नाहीत. "माझी मुलगी बघेल, मावशी. तिची नजर चांगली आहे."

"मला तुमच्याकडूनच हवंय." मावशींनी वाकडा हात ओढणीखाली घेतला. "नाही दिसलं, तर तुम्ही सांगाल."

मालक माझ्यासमोर बसले. त्यांनी बाह्या वर सारल्या आणि ट्यूब पाण्यात घातली. एक फेरी झाली, दुसरी झाली. मग त्यांनी मुलीला हाक मारली. "ये गं. तूही बघ. आणि दिसेल ते सांग."

मित्रांनो, माझा तळ आता झिरपतो, कधीतरी मला भंगारात टाकतील, त्याचं वाईट वाटत नाही. एकच मागते. तुमच्या घरात, वर्गात कुणी म्हणालं, "मला दिसत नाही, मला जमत नाही," तर त्याला हसू नका. आमच्या मालकांना ते हसणंच नको होतं, आणि त्यापायी एका बाईचा हात गेला.