पायाळू गुरुजी

बन्सी गुरुजी पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेले. त्यामुळे अकोले तालुक्यातल्या त्या गावात कुणाची कंबर लचकली की गुरुजींनी पाय लावायचा, असा रिवाजच पडला होता. निवृत्तीनंतर ते मुलींना फुटबॉल शिकवत. भर धावेत आलेला पास अलगद पायात घ्यावा तो त्या मुलींमधल्या संस्कृतीनंच. पण ते वळण लावायला गुरुजी दोन वर्षं खपले होते.

गेल्या वर्षी अंतिम सामन्यात मध्यंतरालाच तिचा गुडघा सुजला. गुरुजींनी त्याला तीनदा पाय लावला आणि म्हणाले, "जा, खेळ." उत्तरार्धाच्या पाचव्या मिनिटाला ती कोसळली. ऑपरेशन झालं, नऊ महिने गेले. पोरीचं नशीब, असं गाव म्हणालं.

आज ती पुन्हा उतरणार होती. बूट बांधून ती त्यांच्यापुढे येऊन बसली.

"गुरुजी, पाय लावा ना. मंग भ्या न्हाई वाटायचं."

गुरुजींनी पाय मागे घेतला. "त्यानं काही होत नाही, बाळ. तेव्हाही मला ठाऊक होतं. सूज दिसत होती, पण मला चषक हवा होता."

संस्कृतीनं गुडघ्यावरून हात फिरवला.

"आई तर म्हनती, तुमी पाय लावला म्हनून माझा पाय वाचला. दुखलं-खुपलं की लोकांच्या पोरी धाडती तुमच्याकडं."

"हो."

"मंग तिला तुमीच सांगा. मी न्हाई सांगनार."

ती मैदानात गेली. गुरुजी उठले आणि बायकांच्या घोळक्यात बसलेल्या तिच्या आईकडे निघाले.