कुलपातली सात पाने

मी एक जुना शोधनिबंध आहे. जुना म्हणजे सहा वर्षांचा. तुम्हाला हे वय काही फार वाटणार नाही, पण आमच्यात तेवढ्या काळात लोक आम्हाला विसरूनही जातात. माझी पाने सात, तक्ते दोन आणि फोटो एक. फोटोत एक मांजर आहे. तिची मान छातीकडे वाकलेली आहे. मित्रांनो, त्या वाकलेल्या मानेमुळेच माझा जन्म झाला.

सानपाड्याला डॉक्टर नमिता यांचा प्राण्यांचा लहानसा दवाखाना आहे. एका सकाळी खाडीकाठच्या सारसोळे गावातल्या सरस्वतीबाई टोपलीत मांजर घेऊन तिथे आल्या. बाई कोळीण, घरची होडी, बोलणे खणखणीत. मांजर मात्र जमिनीवर ठेवताच स्वतःभोवती गोल फिरू लागली आणि तिची मान काही केल्या वर होईना.

"डाक्टरबाय, कोनी तरी इख घातलाय हिला," सरस्वतीबाई म्हणाल्या. "आमच्या गावान दोन मेली अशीच."

नमिताताईंनाही आधी विषाचाच संशय आला. पण विषाची बाकीची लक्षणे जुळेनात. त्यांनी विचारले, "हिला खायला काय देता?"

"मांदेली. ताजी. जाळ्यातला पयला वाटा हिचाच."

"कच्ची?"

"मग काय मांजरीला कालवन रांदून घालू?"

दोष होता तो त्या लाडातच. कच्च्या मांदेलीत एक द्रव्य असते. ते शरीरातले ब-१ जीवनसत्त्व मोडून टाकते. मासळी नीट शिजवली की त्या द्रव्याचा जोर संपतो. ज्यांच्या घरी मासळी विकत येते, तिथे मांजरीच्या वाट्याला काटे आणि उरलेसुरले येते. इथे मात्र रोज पोटभर ताजी मांदेली, आणि ती प्रेमाने भरवलेली. ताईंनी ब-१ चे इंजेक्शन दिले. दुसऱ्या दिवशी मांजरीने मान उचलली आणि लगेच ताईंना बोचकारले. सरस्वतीबाई खूश झाल्या.

त्यानंतर आठ महिने त्यांनीच ताईंना दारोदार नेले. "बाय आपलीच हाय, मांजर दाखव," एवढे म्हटले की दार उघडायचे. तेवीस मांजरी तपासून झाल्या. तोवर सारसोळ्यात मांजरीसाठी गॅसवर वेगळे पातेले चढू लागले होते. त्या सगळ्या नोंदींतून मी तयार झालो.

ताईंनी मला लसींच्या फ्रीजशेजारच्या टेबलावर, दोन पेशंटांच्या मधल्या वेळात लिहिले. मग त्यांच्या कॉलेजच्या जुन्या सरांनी मला तपासले. सर विद्वान होते, पण त्यांनी एक सल्ला दिला तो मला आजही बोचतो. "सारांशात सगळं सांगून टाकलंस, तर आत कोण वाचेल?" म्हणून माझ्या सारांशात 'आहारातील एक घटक' एवढेच राहिले. मांदेलीचे नाव आणि इंजेक्शनची मात्रा गेली पाचव्या पानावर.

परदेशातल्या एका नामांकित जर्नलने मला घेतले. ताईंनी दवाखान्यात पेढे वाटले. सरांनी परिषदेत माझे नाव घेतले. खोटे कशाला बोलू, मी तेव्हा चांगलाच फुगलो होतो. जर्नलने चार पानांचा करार पाठवला, त्या वेळी टेबलावर एक लॅब्राडोर कान साफ करून घेताना रडत होता. ताईंनी करार वाचला नाही. जिथे फुली होती तिथे सही केली आणि पुन्हा कानाकडे वळल्या. आमच्या क्षेत्रात बहुतेक जण असेच करतात.

आणि मला कुलूप लागले.

जर्नलच्या वेबसाइटवर, दारावर माझे शीर्षक आणि तो कंजूष सारांश, बाकी सगळे आत. वाचायचे तर आधी पैसे भरा. लोक दाराशी येत, थोडे थांबत आणि निघून जात. प्रत्येक वेळी मला वाटे, हा तरी आत येईल. मित्रांनो, कागदाला कसली आस, असे तुम्ही म्हणाल. पण कोणीतरी वाचावे, याशिवाय कागदाला दुसरे मागणे तरी काय असते? मला सारसोळ्याची फार आठवण यायची. तिथे कोणत्याच दाराने मला अडवले नव्हते.

पाचव्या वर्षी एक जण एकाच दुपारी चार वेळा माझ्या दाराशी आले. ते होते डॉक्टर कृष्णात. घर साताऱ्याकडचे, नोकरी खाडीपलीकडच्या एका कोळीवाड्यातल्या सरकारी दवाखान्यात. त्यांच्यासमोर पंढरी नाखवांची मांजर होती आणि तिची मान छातीकडे वाकलेली होती. सारांश वाचून त्यांना कळले की उत्तर माझ्याकडे आहे. मागितलेली रक्कम त्यांच्या आवाक्यातली नव्हती. त्यांनी माझ्यावरच्या पत्त्यावर ईमेल पाठवला. तो पत्ता ताईंच्या जुन्या कॉलेजचा, कधीच बंद पडलेला. ईमेल परत आला. मी आतून ओरडून सांगत होतो, मांदेली, मांदेली, पण कुलपाबाहेर माझा आवाज जात नाही. ती मांजर दुसऱ्या दिवशी गेली.

तीन महिन्यांनी वाशीला पशुवैद्यांची बैठक होती. चहाच्या वेळी कृष्णात ताईंजवळ आले.

"मॅडम, तुमचा पेपर उघडलाच नाही ओ मला. पैसे मागतंय ते."

"अरे, मला फोन तरी करायचा ना. मी लगेच पाठवला असता."

"नंबर कुठला माझ्याकडं?"

"मांजराचं काय झालं?"

"गेलं."

ताईंचा चहा तसाच राहिला. त्या तडक दवाखान्यात आल्या आणि कपाटातून तो करार शोधून काढला. पाच वर्षांत पहिल्यांदाच वाचला. तिसऱ्या पानावर स्पष्ट लिहिले होते: प्रसिद्धीनंतर एक वर्ष झाले की लेखिकेने आपला अंतिम मसुदा, कोणालाही फुकट वाचता येईल अशा खुल्या संग्रहात ठेवायला आमची हरकत नाही. म्हणजे चार वर्षे मला कोणीही अडवलेले नव्हते. मला ताईंचा राग आला नाही, असे मी म्हणणार नाही. आला. पण माझ्या पानापानावर त्यांचाच हात फिरलेला होता.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला खुल्या संग्रहात ठेवले. सारांशात मांदेली लिहिली, इंजेक्शनची मात्रा लिहिली, आपला फोन नंबरही लिहिला. सोबत मराठीत एक पान जोडले आणि ते आधी सरस्वतीबाईंना वाचून दाखवले. आता मला कोणीही उघडते. आसाममधून एक जण आला, श्रीलंकेतून दोघे आले. इतकी वर्षे मिटून राहिल्यावर वाचले जाण्याचे सुख काय असते, ते मला सांगता येत नाही.

मागच्या महिन्यात पंढरी नाखवांच्या ओटीवर कृष्णातांनी मला फोनवर उघडले. गेलेल्या मांजरीच्या पिल्लाची मान तशीच वाकली होती. या वेळी पाचवे पान त्यांच्या हातात होते. त्यांनी इंजेक्शन दिले. सकाळी पिल्लू मान वर करून बसले. नाखवांनी फोन हातात घेतला, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "डाक्टर, ह्यो कागद तवा कुटं व्हता?"

"कुलपात होता, नाखवा."

"मांजरीच्या औषिदाला कुलूप? कोनी लावला?"

कृष्णातांनी पिल्लाच्या मानेवरून हात फिरवला.

मित्रांनो, उद्या तुम्हीही काहीतरी शोधून काढाल. ज्यांच्या दारातून ते मिळाले, त्यांना ते परत नेऊन द्या. आणि सही करण्याआधी कागद वाचा, कारण तुमच्या सहीने लागलेल्या कुलपाबाहेर कोणीतरी वाट पाहत असते.

नाखवांनी पिल्लाला उचलले आणि त्याच्या गेलेल्या आईला घरात काय म्हणून हाक मारायचे, ते कृष्णातांना सांगितले. तिचे नाव सोनी होते.