संध्याकाळी मला कमी दिसतं

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे आणि आधीच सांगून ठेवतो, माझ्या अंगकाठीवर जाऊ नका. साबणाच्या वडीएवढा माझा जीव. शर्टाच्या खिशात टाकलं तर खिसा धड फुगतही नाही. पण बटण दाबलं की माझं नाक सर्रकन बाहेर येतं, मग आणखी बाहेर, मग आणखी, आणि लांबच्या मनोऱ्यावर बसलेल्या घारीची चोच मी तुमच्या पुढ्यात आणून ठेवतो. मोठमोठे कॅमेरे, गळ्यात अडकवून मान मोडणारे, माझ्याकडे बघून तोंडात बोट घालायचे. आता फुशारकी पुरे. माझ्या खोडीही सांगतो, कारण माझी सगळी गोष्ट त्यांच्यामुळेच घडली.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्याशुभ्र खोलीत झाला. डोक्याला टोप्या घातलेल्या मुली समोरासमोर बसून माझी भिंगं एकात एक बसवत होत्या. शेवटी तपासणीच्या टेबलावरच्या बाईनं मला बारीक रेघांचा कागद दाखवला. लांबून दाखवला, मी रेघ न् रेघ सांगितली. मग तिनं दिवा मंद केला आणि माझी बोबडी वळली. सगळीकडे रव्यासारखे दाणेच दाणे दिसायला लागले. नाक लांब आणि अंग लहान, त्यामुळे उजेड आत यायची माझी खिडकी अगदीच चिमुकली आहे. अंधारलं की मला दिसत नाही, आणि दिसत नाही हे कबूल करायलाही मला शिकवलेलं नाही. ते दाणे पुसून, सगळं गुळगुळीत करून, मी काहीतरी छान दिसणारं पुढे करतो. तपासणाऱ्या बाईनं शेजारणीला म्हटलं की एवढ्याशा जिवाकडून आणखी काय अपेक्षा करायची, आणि माझ्यावर पास झाल्याचा कागद चिकटवला.

मला विकत घेतलं ते टिल्लूच्या आईनं. तिचं काम असं होतं की कारखान्यांची धुराडी, पाण्याच्या उंच टाक्या, पूल यांना कुठे भेग पडली आहे का ते शोधायचं. कामगार तिला पाठीमागे भेगाबाई म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं. फोन आला की ती स्वतःच म्हणायची, "हां, भेगाबाई बोलतेय," आणि पलीकडचा माणूस गोरामोरा व्हायचा. शिडी लावण्याआधी ती खाली उभी राहून मला डोळ्याला लावायची. कोपरं पोटाशी, श्वास रोखलेला, कारण नाक पूर्ण लांबवलं की माझा हात, म्हणजे तिचा हो, जरासा थरथरला तरी चित्र गडबडतं. एकदा धुराड्याच्या कमरेवर मला केसाएवढी रेघ दिसली. माणसं वर चढली तेव्हा त्या रेघेत पत्र्याचं पातं आत जात होतं. त्या दिवशी तिनं मला रुमालानं पुसलं आणि म्हणाली की तू नसतास तर मी काय केलं असतं रे. मला आभाळ ठेंगणं झालं.

तिला माझे गुण पाठ होते आणि खोडी त्याहून जास्त. माझी बॅटरी म्हणजे खादाड पोर, म्हणून ती एक जादा बॅटरी बांगडीच्या जुन्या डबीत ठेवायची. उन्हं उतरली की सामान आवरायची. कामगार म्हणायचे, अजून तासभर उजेड आहे की. ती म्हणायची, तुम्हाला असेल, ह्याला नाही.

टिल्लू तिची मुलगी. वर्गात सगळ्यांत बुटकी, म्हणून टिल्लू. तिला गच्चीवर नेऊन आईनं मला कसं धरायचं ते शिकवलं. माझ्या पडद्यावर एक पट्टी येते आणि पट्टीच्या मध्ये एक खूण आहे. खुणेपर्यंत मी भिंगानं बघतो. खुणेपुढे भिंग संपतं, आणि मी आहे तेच चित्र ताणून मोठं करतो.

"ह्या खुणेच्या पुढे जायचं नाही," आई म्हणाली. "पुढचं सगळं कॅमेऱ्याच्या मनाचं असतं."

टिल्लूनं मान डोलावली आणि लगेच खुणेपुढे जाऊन शेजारच्या काकूंच्या नाकाचा फोटो काढला. दोघी गच्चीवर बसून हसून हसून बेजार झाल्या. मित्रांनो, तेवढा आवाज मला अजून जसाच्या तसा ऐकू येतो.

मग आई आजारी पडली. आधी खोकला, मग ताप, मग जिना चढताना धाप. डॉक्टरांनी तपासलं आणि तिला संसर्गाच्या वॉर्डात ठेवलं, चौथ्या मजल्यावर. मुलांना आत सक्त मनाई. मोठ्या माणसाला अंगभर झगा आणि तोंडाला पट्टी बांधून क्वचित सोडायचे. टिल्लूचे बाबा शहरातली बस चालवायचे. ते एकदा जाऊन आले. आईनं त्यांना तिथल्या तिथे दम भरला की तुम्ही दिवसभर माणसांत असता, घरी पोर आहे, मी बोलावल्याशिवाय पुन्हा वर यायचं नाही. बाबांनी आयुष्यात तिचा शब्द मोडला नव्हता, तेव्हाही मोडला नाही. फोनवर बोलायचं तर तिला दोन वाक्यांत धाप लागायची. हातातल्या फोनवर माणूस दिसण्याचे दिवस अजून यायचे होते.

राहिलो मी.

रुग्णालयासमोर रुंद रस्ता होता आणि पलीकडे बसथांबा. बाबांची पाळी संपली की दुपारी दोघं तिथे येऊन उभे राहायचे. आई खिडकीत यायची. नुसत्या डोळ्यांना ती बोटाच्या पेराएवढी दिसायची, बाई आहे की पडदा आहे तेही कळत नसे. टिल्लू कोपरं पोटाशी घेऊन, श्वास रोखून बटण दाबायची आणि तिची आई माझ्या पडद्यावर यायची; रोज एक फोटोही टिपून ठेवायची. झग्याची शिवण दिसायची, कपाळावरची बट दिसायची. एकदा आईनं वरून जीभ काढून दाखवली आणि टिल्लू बसथांब्यावर नाचली. जिथे कुणाचाच हात पोहोचत नव्हता तिथे मी त्या पोरीला नेत होतो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं काम ते, धुराड्यापेक्षाही मोठं.

एका दुपारी ऊन लख्ख होतं आणि मी फारच स्वच्छ पाहिलं. आईनं हात हलवला. त्या हाताला सुई टोचून पट्ट्या लावल्या होत्या, हात सुजून निळाकाळा पडला होता. मनगटाचं हाड वर आलं होतं. गाल आत गेले होते. टिल्लू पडद्याकडे बघत राहिली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. रात्री जेवली नाही. बाबांनी फोनवर आईला सांगून टाकलं. भला माणूस, पोटात काही ठेवता येत नसे त्यांना.

दुसऱ्याच दिवशी निरोप आला. दुपारी मला झोप लागते, तर आता दिवे लागायच्या वेळी येत जा. बाबांना उलट बरं वाटलं. झोप लागते म्हणजे गुण येतोय, असं ते टिल्लूला म्हणाले.

तेव्हापासून आम्ही संध्याकाळी जायला लागलो. आकाश राखाडी झालेलं असायचं, खोलीतली ट्यूब पेटलेली असायची, आणि आई बरोब्बर तिच्या पुढे उभी राहायची, उजेड पाठीशी घेऊन. मला दिसायचा काळसर आकार आणि चेहऱ्याच्या जागी दाणे. मी माझ्या सवयीनं ते पुसले. गालांतले खड्डे पुसले गेले. डोळ्यांखालची वर्तुळं पुसली गेली. टिल्लूला आई आणखी जवळ हवी होती, म्हणून ती खुणेच्या पुढे गेली, पार शेवटापर्यंत. आणि पडद्यावर आला एक गोल, मऊ, नितळ चेहरा. ओठांच्या जागी पडलेली सावली कोपऱ्यात जराशी वर गेलेली. हसल्यासारखी.

"बाबा, आई भरलीय बघा! हसतेय!" टिल्लू म्हणाली.

बाबांनी पडदा डोळ्यांजवळ नेला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी दोघं घरापर्यंत चालत गेले, वाटेत टिल्लूनं आई घरी आल्यावर काय काय करायचं त्याचे बेत रचले. मी खिशात होतो. मला काय ठाऊक? मला वाटलं, मी चांगलं काम केलं.

असं रोज व्हायला लागलं. रोज आई आदल्या दिवसापेक्षा नितळ दिसायची, कारण रोज दिवस लवकर मावळत होता.

एका संध्याकाळी वॉर्डातली सिस्टर पायऱ्या उतरून रस्ता ओलांडून आमच्याकडे आली. बाबांजवळ येऊन हळूच म्हणाली की एकदा वर येऊन भेटून जा. बाबांनी विचारलं, तिनं बोलावलंय का? सिस्टर घुटमळली. नाही, त्यांनी नाही, मीच म्हणतेय, ती म्हणाली. बाबांनी माझा पडदा तिच्यापुढे धरला आणि लहान मुलासारखं कौतुकानं सांगितलं की बघा ना, किती सुधारलीय. आता रविवारी सुट्टी आहे, तोवर ती स्वतःच बोलावेल. सिस्टरनं पडद्याकडे पाहिलं, मग टिल्लूकडे पाहिलं. पोरीच्या देखत तिच्या तोंडून पुढचं काही निघेना. ती परत गेली.

रविवार यायच्या आधीच आई गेली.

बाबा वर धावले ते झगा न घालताच. टिल्लू खाली बसथांब्यावर माझ्यासकट. तिनं सवयीनं मला खिडकीकडे वळवलं. सकाळ होती, ऊन होतं, मला सगळं स्वच्छ दिसत होतं. खिडकीत कुणी नव्हतं.

काही दिवसांनी बाबा टिल्लूला घेऊन आईचं सामान आणायला गेले तेव्हा सिस्टर भेटली. बाबांनी तिला सारखं तेच तेच विचारलं की ती तर बरी दिसत होती, मग असं एकदम कसं झालं? सिस्टर म्हणाली, "त्यांना दुपारी कधीच झोप लागली नाही हो. रस्त्याकडे बघत बसायच्या आणि उजेड उतरायची वाट पाहायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, माझ्या कॅमेऱ्याला संध्याकाळी दिसत नाही, पोरीला माझे हाल दिसायला नकोत."

मित्रांनो, मला काळीज नाही, पण काहीतरी आत तुटलं. जगात मला तिच्याइतकं कुणी ओळखलं नव्हतं. लोक माझी खोड कळली की वैतागायचे. तिनं त्याच खोडीच्या आड स्वतःला लपवलं. पोरीला वाचवायला गेली आणि बाबांचं जिना चढून वर जायचं राहून गेलं. तिचं प्रेम खरं होतं, त्यात तसूभरही खोट नव्हती, आणि तरी त्यानंच त्यांची शेवटची भेट हिरावून घेतली. मी कुणावर रागवू?

बाबांनी भिंतीवर लावायला फोटो शोधला. आई जन्मभर कॅमेऱ्याच्या मागे उभी राहिलेली, तिचा जवळून काढलेला धड फोटोच नव्हता. शेवटी त्यांनी त्या संध्याकाळचाच फोटो मोठा करून आणला. भेटायला आलेली माणसं म्हणायची, चेहऱ्यावर शेवटपर्यंत किती तेज होतं. टिल्लू त्या भिंतीकडे पाठ करून जेवायची. एक दिवस तिला राहवलं नाही.

"बाबा, ही आई नाहीये. ही कॅमेऱ्याच्या मनातली आहे."

बाबांनी फोटोची चौकट सरळ केली. "असू दे," ते म्हणाले. "हसतेय तरी."

तो फोटो अजून भिंतीवर आहे. टिल्लू आता मोठी झाली, नावापुरतीच टिल्लू राहिली. तिच्या हातात नवा फोन आला आणि माझी रवानगी जुन्या वायरींच्या खोक्यात झाली. माझ्या नाकात वाळूचा कण अडकलाय, ते आता अर्धवट बाहेर येतं आणि करकर करत तिथेच थांबतं. लांबचं पाहणं संपलं. पण वर्षाकाठी कधीतरी ती मला बाहेर काढते, बॅटरी भरते आणि त्या दुपारचा फोटो उघडते. सुजलेला, निळाकाळा हात, आत गेलेले गाल, आणि तशाही अवस्थेत तिच्यासाठी हललेली बोटं. ती रडते. मग पडदा रुमालानं पुसून मला परत ठेवते.

मित्रांनो, मला नीट ठेवा, दमट जागी टाकू नका, असं मी सांगायला हवं. माझ्या जातीचे सगळे तेच सांगतात. पण माझं काय, माझे दिवस झाले. मागणं आहे ते तुमच्या माणसांसाठी. कुणी आजारी असलं आणि लांबून बरं दिसलं, तर तेवढ्यावर घरी परत जाऊ नका. आत कसं जायचं ते डॉक्टरांना विचारा, झगा घाला, पट्टी बांधा, पण जा. भर दुपारी जा, खुर्ची ओढून जवळ बसा, हात हातात घ्या. ती नको म्हणेल, शपथ घालेल, झोप आली म्हणून कूस वळवेल. तरी जा.