वयाची अट

लाँड्रीच्या मागच्या खोलीत बसून लोकांच्या पँटी आखूड करणाऱ्या शिंप्याला सगळे मास्टर म्हणत. खोलीला खिडकी नव्हती. एका भिंतीशी मशीन, दुसऱ्या भिंतीशी प्लास्टिकच्या पिशव्या चढवलेल्या कपड्यांचा लोखंडी दांडा, आणि पलीकडून दिवसभर वाफेच्या इस्त्रीचा फुसफुसाट. आपला देश सोडून मास्टरला सहा वर्षं झाली होती. बायको आणि मुलगी तिकडे, हा इकडे, आणि मध्ये एक फाईल.

फाईल म्हणजे बायको-मुलीला इकडे कायमचं आणण्याचा अर्ज. पाच वर्षं इथे नोकरी केल्याशिवाय तो करता येत नाही, आणि त्यात मुलीचं नाव घालायचं तर नोंदीच्या दिवशी ती अठराच्या आत हवी. अठरा पूर्ण झाली की सरकारच्या लेखी ती कुणाची मुलगी राहत नाही. मग तिने स्वतःच्या हिमतीवर यायचं, आणि ती रांग म्हणजे मारुतीची शेपटी. मास्टर आला तेव्हा पोरगी अकरा वर्षांची होती, बारा पूर्ण व्हायला महिना कमी. पाच वर्षं नोकरीत गेली, पुढचे आठ महिने फी साठवण्यात गेले, आणि अर्ज आत गेला तेव्हा तिला सतरा पूर्ण होऊन सात महिने झाले होते.

एवढं वाचून कुणाला वाटेल की हा माणूस सगळं शेवटच्या घटकेला करणारा असेल. छे. मास्टर वेळेआधीचा माणूस. ज्या उस्तादाच्या हाताखाली तो शिकला, त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, कापड आधी भिजवून घे आणि मग काप, नाहीतर पहिल्या धुण्यात आटेल आणि गिऱ्हाईक तुझ्या नावाने बोटं मोडेल. शिवणीत दोन बोटं कापड जास्तीचं ठेव, माणूस आज ना उद्या सुटतोच. मास्टरने हे कपड्यांपुरतं ठेवलं असतं तर बरं झालं असतं. पण तो स्टेशनवर तासभर आधी जायचा, भाडं पंचवीस तारखेलाच द्यायचा, आणि दात दुखायच्या आधीच दाताच्या डॉक्टरला दाखवून यायचा. त्याच्या खोलीतला दुसरा भाडेकरू वायरमन होता. तो नेमका उलटा. त्याचा मोजासुद्धा दाराबाहेर पाऊल टाकताना चढायचा.

झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर अर्ज भरून देणाऱ्या एक बाई बसत. सगळे त्यांना अर्जवाल्या बाई म्हणत. वायरमनचा अर्जही त्यांनीच भरला होता. मास्टर पहिल्यांदा गेला तेव्हा त्यांनी मान वर न करता सांगितलं, "पोलिसांचा दाखला आधी काढा, फोटो आधी काढा, जन्माचे दाखले आधी काढा. मेडिकल मात्र सगळ्यात शेवटी."

"शेवटी का?"

"शेवटी म्हणजे शेवटी. शंभर लोकांना सांगते मी."

मास्टरने मान डोलावली आणि मनात म्हटलं, बाई आळशी दिसते. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांतली. शिवाय ठरवून दिलेल्या हॉस्पिटलात तपासणीचे दर पुढच्या महिन्यापासून वाढणार होते. मग कशाला थांबायचं? फी साठायला अजून दोन महिने होते, तरी त्याने बायकोला फोन करून दोघींना तपासणीला पाठवलं. रक्त झालं, छातीचा फोटो झाला, शिक्का बसला. वायरमनला त्याने तो कागद फोनवर दाखवला. "बघ, याला म्हणतात तयारी." वायरमन तेव्हा स्वतःचं पाकीट शोधत होता.

तपासणीचा कागद सहा महिने चालतो हे मास्टरला माहीत होतं. पण त्याची समजूत अशी, की अर्ज आत जाईल त्या दिवशी कागद ताजा असला की झालं. कपडा शिवून दिला की तो गिऱ्हाईकाचा. पुढे त्याने तो महिनाभर कपाटात टांगून ठेवला तर शिंप्याचा काय दोष? सरकारचं म्हणणं निराळं होतं. अर्ज ज्या दिवशी त्यांचा माणूस उघडेल, त्या दिवशी कागद जिवंत हवा.

दर सोमवारी सकाळी मशीनवरचं आवरण काढायच्या आधी मास्टर फोनवर ऑफिसची वेबसाईट उघडायचा. फाईल उघडायला लागणारा वेळ, तीन महिने. मग एका सोमवारी, चार. कारण काही नाही, तीनच्या जागी चार. सरकारी काम आणि सहा महिने थांब ही आपल्याकडचीच खोड, असं त्याला वाटायचं. इथे आल्यावर कळलं की सरकारं सगळी एका माळेचे मणी. तो तेवढ्यापुरता उसासा टाकायचा, सुईत दोरा ओवायचा आणि कामाला लागायचा. पोरीला अठरा व्हायला अजून चार महिने, मग साडेतीन, मग दोन.

रविवारी घरी फोन व्हायचा. त्यात पहिली दहा मिनिटं कागदांची. दाखल्यावरचं आडनाव बरोबर आहे का, बँकेच्या पुस्तकाची नक्कल काढलीस का, पोरीच्या शाळेचं पत्र आलं का. बायको सगळ्याला "हो, झालं" म्हणायची. मग पोरगी फोनवर यायची. "बाबा, तुम्ही जेवलात का?" अकरा वर्षांची असताना ती त्याला "बाबा, तू" म्हणायची. कधी बदललं ते त्याला कळलंच नव्हतं. रोज समोरासमोर भांडणं झाली असती तर 'तू'च राहिलं असतं. हे त्याला एकदा इतकं लागलं होतं की त्या दिवशी तीन पँटींची लांबी चुकली.

पत्र आलं तेव्हा पोरीला अठरा व्हायला एकवीस दिवस होते. फाईल परत. वैद्यकीय तपासणीची मुदत फाईल उघडण्याच्या नऊ दिवस आधी संपली आहे. भरलेली फी परत मिळणार नाही. पूर्ण कागदांसह नव्याने अर्ज करता येईल, नोंदीची तारीख नवी धरली जाईल.

दुपारच्या सुट्टीत न जेवता तो झेरॉक्सच्या दुकानाचा जिना चढला. अर्जवाल्या बाईंनी पत्र वाचलं, चष्मा काढला, आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं.

"मी काय सांगितलं होतं?"

"मेडिकल शेवटी."

"मग?"

दर वाढणार होते, हे सांगायची मास्टरला लाज वाटली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. वाचवले किती, तर एका चांगल्या कोटाच्या अस्तराएवढे. आणि घालवलं काय, हे बाई आता पेन्सिलीने कागदाच्या मागे लिहीत होत्या.

"एकवीस दिवस. रिपोर्टला सात. आज-उद्यात तपासणीची तारीख मिळाली तर पोरीचं होईल."

घरच्या गावातल्या हॉस्पिटलात पाच आठवडे तारीख नव्हती. बाईंनी तिथूनच तीन ठिकाणी फोन लावले. शेवटी बसने आठ तासांवरच्या एका शहरात तातडीची एक जागा निघाली. तिप्पट दर. येत्या गुरुवारी. एकच.

"दुसरी नाही?" मास्टरने विचारलं.

"एकच आहे म्हणतायत. आणि एका परीने तेच बरं. पोरीचा अर्ज वेगळा काढू. मुलांची रांग वेगळी, छोटी; फक्त तिथे मेडिकल आधीच जोडावं लागतं. दहा-अकरा महिन्यांत येईल ती." बाई थांबल्या. "मिसेसचा मग नव्याने. फी पुन्हा साठवा. नवरा-बायकोच्या रांगेला सध्या बावीस महिने आहेत. नाव कुणाचं घालू? ते लोक लाईनवर आहेत."

खरं तर विचारण्यासारखं काही नव्हतं. तरी मास्टरने हात दाखवून बाईंना थांबवलं आणि जिन्यात येऊन बायकोला फोन लावला. सहा वर्षांत कामाच्या वेळी त्याने कधी फोन केला नव्हता. तिने उचलल्या उचलल्या विचारलं, "काय झालं? बरे आहात ना?"

त्याने सगळं सांगितलं. चूक माझी आहे, हेही तो बोलून गेला.

"तिचं नाव घाला," बायको म्हणाली. "मला कुठे वयाची अट आहे?"

ती हे इतक्या सहज बोलली, की जणू बाजारातून येताना भाजी कमी पडली आणि तिने स्वतःच्या ताटातली काढून दिली. मास्टरने वर जाऊन पोरीचं नाव सांगितलं.

गुरुवारी दोघी मायलेकी रात्रभर बसमध्ये बसून त्या शहरात पोचल्या. पोरगी आत गेली. आई बाहेरच्या बाकावर चार तास बसून राहिली. हॉस्पिटलातल्या एका बाईंनी मधेच येऊन विचारलं, तुमचा नंबर कितवा? ती म्हणाली, माझा नाहीये. हे मास्टरला पोरीने सांगितलं. बायकोने सांगितलं नाही.

त्या दोन आठवड्यांत मास्टरने पोटाला चिमटा काढला, लाँड्रीच्या मालकीणबाईंकडून पुढच्या पगाराची उचल घेतली, आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळं अगदी शेवटच्या क्षणी केलं. रिपोर्ट आला त्याच दुपारी अर्ज गेला. वायरमन त्याच्याबरोबर झेरॉक्सच्या दुकानात कागदांना टाचण्या मारत उभा होता. त्याची बायको आणि दोन मुलं मागच्याच महिन्यात आली होती.

"मास्टर, खरं सांगू? मला तपासणीचं लक्षातच नव्हतं," वायरमन म्हणाला. "फाईल उघडल्यावर ऑफिसातूनच मेल आला, मेडिकल कुठाय, तीस दिवसांत पाठवा. मी पळत जाऊन केलं. मी आळशी म्हणून वाचलो."

"कागद नसला तर मागतात, आणि शिळा असला तर फाईल परत?"

"तसा नियम आहे म्हणे."

मास्टरला हसू आलं. ते थांबेना. शेवटी दुकानदाराने त्याला स्टुलावर बसायला सांगितलं आणि पाणी दिलं.

नोंद झाल्याचा मेसेज आला तेव्हा पोरीला अठरा व्हायला दोन दिवस बाकी होते. मास्टरच्या मांडीवर कुणाचा तरी जड कोट होता, अर्ध्या उसवलेल्या अस्तराचा. त्याने तारीख तीनदा वाचली. मग कोट बाजूला ठेवला, मागच्या दारातून गल्लीत आला आणि फोन लावला. पोरगी म्हणाली, "थँक्यू बाबा. तुम्ही खूप केलंत." एखाद्या साहेबाचे आभार मानावेत तसं. तरी त्याचे डोळे भरून आले. आईला दे, तो म्हणाला.

"झालं बघ एकदाचं," त्याने बायकोला सांगितलं. "आता तुझं. मी हिशेब केलाय. नवीन वर्षाच्या आत फी वाढायची नाही असं बाई म्हणतायत, तोवर मी रविवारचं काम धरतो. पोलिसांचा दाखला अजून चालतो. मेडिकल यावेळी करायचंच नाही, ते मागतील तेव्हा बघू. म्हणजे बावीस महिने धरले तर..."

"अहो, थांबा जरा."

तो थांबला.

"माझं काही लिहू नका आत्ता."

"का गं? रांग वाढत चाललीय. आज नंबर लावला तर..."

"दहा महिन्यांनी ती जाईल. हे दहा महिने मला तिच्याबरोबर राहू द्या. तारखा न मोजता." बायकोचा आवाज चिडका नव्हता, थकलेला होता. "सहा वर्षं झाली. तुमचा फोन आला की मी आधी कागदांचा डबा काढून बसते. तुम्ही कसे आहात हे विचारायचं राहून जातं."

"हे सगळं कुणासाठी करतोय मी?"

"माहीत आहे मला. तुमच्यासारखं कष्ट करणारं कुणी नाही. पण एक विचारू? तिकडे यायचंय का, असं तुम्ही मला कधी विचारलंत?"

मास्टर गल्लीतल्या रिकाम्या हँगरांच्या खोक्यावर बसला. त्याने आठवून बघितलं. निघताना विचारलं असेल, असं त्याला वाटलं. निघताना तर ती रडत होती आणि तो तिला बँकेत कुठे सही करायची ते दाखवत होता. नाही, विचारलं नव्हतं.

"नाही विचारलं," तो म्हणाला. "यायचंय ना तुला?"

"पहिली तीन वर्षं रोज वाटायचं, आज बोलावलं तर आज निघेन. आता ती गेल्यावर मला काय वाटेल, ते मलाच ठाऊक नाही."

"म्हणजे येणार नाहीस?"

"तसं कुठे म्हटलं मी? मला थोडा वेळ द्या. सांगेन."

आतून मालकीणबाईंनी हाक मारली, कोटवाला गिऱ्हाईक येऊन उभा होता. सहा वर्षं प्रत्येक ऑफिसातल्या खिडकीपलीकडच्या माणसाला काही घाई नाही साहेब, सावकाश होऊ द्या, असं म्हणत आलेला मास्टर फोन घट्ट धरून म्हणाला, "आत्ताच सांग ना."

"आत्ता नाही सांगता येत हो," बायको म्हणाली.