मधल्या खुर्चीत गाणारा हरवतो

आमच्या ग्रुपचा एक अलिखित कायदा आहे. नवीन माणसाने काहीही विचारलं की आधी म्हणायचं, मागचा फोटो टाका. म्हणजे स्पीकरच्या मागचा. पुढून सगळेच स्पीकर देखणे असतात, खरं काय ते मागे तारांच्या गुंत्यात कळतं.

आवाजाची हौस असलेल्या लोकांचा हा ऑनलाइन ग्रुप. त्यात नववीतली मी एकटीच, आणि गेल्या महिन्यापासून नवख्यांच्या प्रश्नांचा विभाग चक्क माझ्याकडे आहे. ग्रुप चालवणारे काका दातांचे डॉक्टर. ते म्हणाले, तू उत्तर देताना समोरच्याचं तोंड बंद करत नाहीस, म्हणून तुला दिला. ही बातमी मी घरात इतक्यांदा सांगितली की दादा म्हणाला, आता शेजाऱ्यांकडे जा, आमची पाठ झाली.

रविवारी दुपारी मी बीजगणिताचं पुस्तक उघडं ठेवून (उघडं असलं की आईला बरं वाटतं) ग्रुप बघत होते. एका नवीन बाईंचा प्रश्न आला. त्यांचे सासरे गाणं शिकवतात. खोलीला रंग दिल्यापासून त्यांना मधल्या खुर्चीत बसलं की जुन्या गाण्यांत वाद्यंच ऐकू येतात, तीही पातळ, आणि गाणारा जवळजवळ गायब. बाईंना मात्र दाराशी उभं राहून सगळं ऐकू येतं. मोठे स्पीकर घ्यावेत का? खाली त्यांनी लिहिलं होतं, "डोळ्यांचं असतं तर मीच बघितलं असतं, मी चष्म्याच्या दुकानात आहे. कानांतलं मला ओ की ठो कळत नाही. बाबा म्हणतात कान गेले, आणि बहिऱ्याने गाणं शिकवू नये. उद्या मुलं आली की क्लास बंद म्हणून सांगणार आहेत."

पाचच मिनिटांत आमची थोर मंडळी तुटून पडली. आम्ही ज्यांना खर्जकाका म्हणतो ते म्हणाले, जमिनीवर ठेवायचा मोठा डबा घ्या, घुमायला पाहिजे. सोनेरी तार नावाच्या काकांनी नेहमीप्रमाणे महागड्या तारा सुचवल्या. त्यांना कोणी सर्दी झाली म्हणून सांगितलं तरी ते तारच बदलायला लावतील. तिसऱ्या कुणीतरी, आधी जुने प्रश्न वाचून या, असं खेकसून घेतलं.

मला मात्र वाचतावाचताच कळलं होतं. रंगवाल्यांसाठी स्पीकर हलवले, तारा काढल्या आणि परत लावताना एका स्पीकरच्या उलट्या लागल्या. मग एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. मी आणि दादा एकच दार दोन बाजूंनी ढकलतो तसं. दोघांचा जोर फुकट, दार जागेवर. हे सगळ्यात जास्त जाणवतं ते बरोब्बर मधे बसणाऱ्याला. दाराशी उभं राहिलेल्याला फारसा पत्ताही लागत नाही.

मी कायद्याप्रमाणे फोटो मागवला. बाईंनी आधी भिंत पुसली असणार, इतका स्वच्छ फोटो आला. तारा सगळ्या एकाच रंगाच्या, म्हणजे चुकीला आमंत्रणच. मी सगळं समजावलं आणि ऐटीत लिहिलं की मागच्या लाल आणि काळ्या टोकांना लावलेल्या तारांची अदलाबदल करा, कानांना काही झालेलं नाही.

थोड्या वेळाने बाईंचं उत्तर आलं. केली, दादा, पण काही फरक नाही. बाबा म्हणाले, राहू दे, उगाच धडपडू नकोस, आणि आत जाऊन पडलेत.

सोनेरी तारकाकांनी लगेच लिहिलं की लहान मुलांच्या हाती विभाग दिला की असंच व्हायचं. एका माणसाला मी कान ठीक आहेत असं सांगून बसले होते आणि तो आत पडून होता. खरंच त्यांचे कान गेले असतील तर? मी उत्तर पुसायला घेतलं. पूर्वी मी हेच करायचे, लिहायचे आणि पुसायचे. पण तारा खोटं बोलत नाहीत, मग माझंच काहीतरी सांगायचं राहिलं असेल. मी विचारलं, "मी दादा नाही, नववीतली मुलगी आहे. काकू, तुम्ही कुठल्या स्पीकरच्या तारा बदलल्या?"

"दोन्हीच्या. एकालाच उलटं करायचं आणि दुसऱ्याला तसंच ठेवायचं, हे बरं दिसतं का?"

मी इतक्या मोठ्याने हसले की आई स्वयंपाकघरातून बघायला आली. काकूंनी दोघांना अगदी सख्ख्या लेकरांसारखं सारखं वागवलं होतं, आणि दोन्ही उलटे केले की भांडण जिथल्या तिथे. चूक माझीच, एकाच्याच असं मी लिहिलंच नव्हतं. मी तसं कबूल केलं आणि लिहिलं, या वेळी बिनधास्त पक्षपात करा, फक्त उजव्याच्या बदला, आणि काहीही करून बाबांना मधल्या खुर्चीत बसवा.

उत्तराची वाट बघत बीजगणिताचं पान उलटलं, न वाचताच. आईसुद्धा कणकेचे हात तसेच ठेवून माझ्या मागे उभी राहिली. काय झालं गं त्या आजोबांचं, असं तिने दोनदा विचारलं.

शेवटी काकूंचा आवाजी निरोप आला. आधी गाणं, मधोमध, भरलेलं, गाणारी बाई जणू खोलीतच उभी. मग खुर्ची करकरली आणि एक म्हातारा आवाज सावकाश म्हणाला, "म्हणजे माझे कान शाबूत आहेत." गाणं पुढे चालूच होतं. मग तोच आवाज, आता चांगलाच खणखणीत, "म्हणजे ती पोरं खरंच बेसूर गातात. मी आपला माझ्या कानांना दोष देत बसलो. उद्या एकालाही सुट्टी नाही, सगळ्यांना सांग."