चिंचोक्यांची घोंगडी

मार्गशीर्ष लागला की माणदेशाचा माळ सोनसळी होतो. पाऊस या मुलखावर कायमचा रुसलेला. उन्हाने मात्र कधी हात आखडता घेतला नाही. करड्या कुसळांवर ऊन, काळ्या कातळावर ऊन, मेंढरांच्या पाठींवर ऊन. धुळीच्या कणाकणाला सुवर्णस्पर्श करणारे ते हेमंताचे शीतल, शांत, सोशिक ऊन.

त्या उन्हात एक चिंच उभी होती. घनपर्णा, शीतलछाया, शतशाखा. तिच्या एका अंगाला एका खोलीची शाळा, दुसऱ्या अंगाला सणगरांची वाडी. सणगर म्हणजे मेंढीच्या लोकरीची घोंगडी विणणारी माणसे. चिंचेचा गर घरोघरच्या आमटीत जाई आणि चिंचोका मागे उरे. पण मागे उरलेल्याला फेकून द्यावे, इतका श्रीमंत हा मुलूख कधीच नव्हता.

वाडीत चिंचोका भाजत, त्याचे तपकिरी टरफल काढत, आतला पांढरा दाणा भिजवून पाट्यावर वाटत आणि शिजवून त्याची खळ करत. मागावर ताणलेल्या लोकरीच्या सुताला ती खळ चढली की सुताला बळ येई. खळीवाचून सूत म्हणजे नुसता केसांचा पुंजका, ठोक्यासरशी तुटणारा. शाळेत त्याच चिंचोक्याने मुलांना आकडे येत. वाडीत त्याने वस्त्र उभे राही, शाळेत गणित. एका झाडाने किती म्हणून द्यावे!

शाळेच्या कोपऱ्यात चिंचोक्यांचे एक मडके होते. कुलथे बाईंनी, त्या शाळेच्या एकुलत्या एक शिक्षिकेने, एक रीत पाडली होती. नवे मूल शाळेत आले की त्याने घरून ओंजळभर चिंचोके आणायचे. बाई विचारायच्या, "तुझं नाव काय, बाळा?" मूल लाजत, अडखळत नाव सांगे आणि ओंजळ मडक्यात रिती करी. मग सगळा वर्ग एका सुरात ओरडे, "आपला!" मुलगी असेल तर, "आपली!" एवढे झाले की प्रवेश झाला. हजेरीपटावर नाव नंतर चढे, मडक्यात आधी. कुणाचा चिंचोका कुठला, हे मग कुणालाच ओळखता येत नसे, आणि ओळखू येऊ नये हीच बाईंची इच्छा होती.

हौसा ही ज्ञानू सणगराची लेक. डोळे टपोरे, परकर आखूड, प्रश्न लांबलचक. घरात ती हातांनी शिकली होती. लोकरीतले काटे वेचता वेचता ती धीर शिकली. चरख्यावर बसलेल्या आईच्या, चंद्राच्या, मांडीला टेकून ती लय शिकली. बापाचा माग खट्-खट् चाले, त्या तालावर ती पाळण्यात झोपली होती आणि त्याच तालावर बोलायला लागली होती. तिला कुणी मुद्दाम काही शिकवले नव्हते. पण शिकायचे राहिलेही फारसे नव्हते.

शाळेत बेरीज तिला लगेच आली. वजाबाकीपाशी मात्र तिचे गाडे अडले.

वजाबाकी शिकवताना बाई एक गंमत करायच्या. पाटीवर चिंचोके मांडायच्या, त्यातले काही उचलून पदराआड लपवायच्या आणि विचारायच्या, "आता किती राहिले?" पोरे मोजून सांगत. हौसा मोजत नसे. ती पदराकडे बघत राही. एके दिवशी तिने विचारलेच,

"बाई, पर काढल्यालं गेलं कुठं?"

वर्ग खो-खो हसला. बाईही हसल्या. इतक्यात घंटा झाली, पोरे उधळली आणि प्रश्न तसाच राहून गेला. पोरे घरी गेल्यावर बाई पदरातले चिंचोके मडक्यात परत टाकायच्या, हे हौसाने कधी पाहिले नव्हते. तिने पाहिले ते इतकेच, की रोज काढले जाते आणि रोज सकाळी मडके पुन्हा काठोकाठ असते. मग तिने आपले उत्तर आपणच शोधले. काढलेले रात्रीतून परत येत असणार. फूल खुडले की दुसऱ्या दिवशी दुसरे येते, मेंढी कातरली की तिच्या अंगावर पुन्हा लोकर येते, तसेच हे. तिच्या इवल्या जगात घेतलेले सगळे परत येत होते, तर चिंचोक्यांनीच काय घोडे मारले होते?

गेल्या चैत्रात चिंच कमी उतरली होती. थंडी ऐन भरात, घोंगड्यांना गिऱ्हाईक दारात आणि चंद्राच्या डब्यातला चिंचोका संपलेला. मागावर उभ्या सुतांचा ताणा अर्धा ताणून पडला होता. एका रविवारी चंद्रा कपाळाला हात लावून म्हणाली, "आता खळ कशाची करू? माझ्या हाडांची?"

हौसाने ते ऐकले आणि ती चिंचेखालून सरळ शाळेत गेली. शाळेला कुलूप नसे. चोरण्याजोगे तिथे आहे काय, असेच सगळ्यांना वाटे. तिने मडके कलंडले, परकराचा ओचा भरला, सांडलेला एकेक दाणा वेचून घेतला. मडके रिते झाले. तिला त्याचे काहीच वाटले नाही. उद्या सकाळी ते भरलेले असणारच होते.

"कुठनं आणलंस गं?" आईने विचारले.

"शाळंतनं."

बाईंनी दिले असतील, असे चंद्राला वाटले. तिने मनोमन बाईंना दुवा दिला आणि तवा चुलीवर ठेवला. भाजक्या चिंचोक्यांचा खमंग, कडवट वास वाडीभर दरवळला. सोमवारी हौसा शाळेला निघाली तेव्हा पहाटे शिजवलेली खळ सुताला चढू लागली होती आणि पोरीच्या बोटांना तोच वास येत होता. इतक्या आनंदात ती कधीच शाळेला गेली नसेल.

वर्गात शिरताच तिने आधी मडक्याकडे पाहिले.

मडके रिकामे होते.

रिकामे, कोरडे, काळोखाने भरलेले मडके. हौसा वाकली, तिने आत हात घातला. तळाला नुसती धूळ लागली. तेवढ्यात पोरांनीही पाहिले आणि एकच गिल्ला झाला. "चोर आला व्हता! चोर!" यंदाच शाळेत आलेला धाकटा गेनू मडक्याला मिठी मारून हमसून हमसून रडू लागला. "माझी वंजळ! माझी वंजळ कुणी न्हेली?"

त्या रडण्याने हौसाला वजाबाकी कळली. काढलेले परत येत नाही. काढलेले कुणाचे तरी असते.

ती उठून उभी राहिली. न बोलता बसली असती तर कुणाला कळले नसते, कधीच कळले नसते. पण ज्या घरात एक सूत तुटले तर पुढचे विणणे थांबवून आधी गाठ मारतात, त्या घरची ती पोर.

"बाई, म्या न्हेलं. खळीला."

मागून कुणीतरी म्हणाले, "हौसी चोर!" बाईंनी तोंड उघडायच्या आत हौसा दाराबाहेर होती.

घरी जाऊन तिने आईच्या पदरात तोंड खुपसले आणि सगळे सांगितले. चंद्राच्या हातातला खळीचा कुंचा गळून पडला. "आगं माझे बाई, बाईनी दिलं म्हनून म्या भाजलं की गं!" ज्ञानूने मागाकडे पाहिले. निम्म्या सुताला खळ चढून ते वाळूही लागले होते. माग थांबवून तो मागाखालच्या, पाय सोडून बसायच्या खड्ड्यातून वर आला आणि ओसरीवर बसला. "लोकाच्या लेकरांचा चिंचोका हाय त्यो. त्येच्यावर हात कसा चालावा?"

माग मुका झाला. हौसाही मुकी झाली. दुसऱ्या दिवशी ती शाळेला गेली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. शाळेची घंटा झाली की ती कानांवर हात ठेवी. चिंचेच्या पलीकडची ती एक खोली तिला एकाएकी सात कोस दूर गेल्यासारखी झाली. चोर म्हणवून घेऊन तिथे परत कसे जायचे, हे तिला कळत नव्हते आणि तिच्या आईबापालाही.

आणि मग एका सकाळी चिंचेखालून धूळ उडताना दिसली. पुढे कुलथे बाई, मागे सगळी शाळा. पाट्या काखोटीला, नाके लाल, थंडीने कुडकुडणारी ती चिमुकली फौज ज्ञानूच्या अंगणात येऊन थांबली. हौसा मागाच्या आड दडली.

ज्ञानू हात जोडून पुढे झाला. "बाई, पोर चुकली. आमी भरून देऊ."

"ज्ञानूदादा," बाई म्हणाल्या, "आज शाळा इथं भरवायची आहे. चालेल ना?" मग त्या मागाच्या दिशेने, जरा मोठ्याने बोलल्या. "तुमच्या हौसानं मला एक गणित घातलं होतं. काढलेलं जातं कुठं? मी हसले आणि विसरून गेले. उत्तर दिलं असतं तर मडकं आज भरलेलं असतं. हौसा, ये बाहेर. तुझं उत्तर तुला सापडलंय. आम्हांलाही दाखव."

हौसा बाहेर आली. आधी कानकोंडी, खाली मान घालून, पुटपुटत. मग हळूहळू तिचा आवाज मोकळा झाला. चिंचोका कसा भाजतात, टरफल कसे उडते, पाट्यावर दाणा कसा दुधासारखा होतो, हे तिने सांगितले. खळ चढलेले सूत आणि न चढलेले सूत तिने पोरांच्या हातात दिले. एक ओढताच तुटले. दुसरे तुटता तुटेना.

गेनूने ताण्यावर तळहात ठेवला. "ह्यात माझी वंजळ हाय?"

"हाय."

"कुठं?"

हौसाने एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत हात फिरवला. "समद्यात."

गेनूने पुन्हा एकदा हात फिरवून पाहिला. त्याला पटले.

बाईंनी हौसाला जवळ घेतले. "न विचारता नेलंस, हे मात्र चुकलंच. ते कसं भरायचं, तूच सांग." पोरीने चिंचेकडे पाहिले. फांद्यांवर हिरवे, अजून न पिकलेले आकडे लोंबत होते. "चैतात भरीन," ती म्हणाली. बाईंनी मान डोलावली. तेवढ्यावर व्यवहार मिटला, आणि किती सुंदर मिटला! मारले असते तर पोर भय शिकली असती. नुसती माफी दिली असती तर सुटका शिकली असती. बाईंनी तिला शब्द देऊ दिला.

ज्ञानू पुन्हा मागाच्या खड्ड्यात उतरला. माघ संपता संपता ती घोंगडी उतरली. काळीभोर, करड्या काठाची, रानाच्या वासाची. ती त्याने बाजारात नेली नाही. खांद्यावर टाकून शाळेत नेली आणि गार फरशीवर अंथरली. तिच्यावर बसून पोरे वजाबाकी शिकली. आता बाई पदर धरत नसत. "काढलेले कुठं गेले?" असे त्या स्वतःच विचारत आणि पोरे तळहातांनी घोंगडी थोपटत.

मग चैत्र आला. तांबूस कोवळ्या पालवीचा, तप्त वाऱ्याचा, पिकल्या चिंचांचा. हौसा रोज झाडाखाली बसू लागली. चिंचा फोडायच्या, चिंचोके धुवायचे, वाळवायचे. बोटे चिकट, दात आंबलेले. पण मडके तिने शब्दाप्रमाणे भरत आणले. वरची बोटभर जागा तेवढी तिने मुद्दाम रिकामी ठेवली आणि एके दिवशी हातात ओंजळभर चिंचोके देऊन ती आईबापालाही शाळेत घेऊन गेली.

ज्ञानूने ओंजळ रिती केली. पोरांनी सवयीने आरोळी ठोकली, "आपला!" तो गोरामोरा होऊन हसला आणि बाजूला झाला.

चंद्रा उंबऱ्याबाहेरच थांबली होती. खळीने भेगाळलेल्या तिच्या हातांत चिंचोक्यांची ओंजळ होती. शाळेचा उंबरा तिने जन्मात कधी ओलांडला नव्हता. लहानपणी ती मेंढरांमागे होती, मग चरख्यामागे, मग चुलीपुढे. "मी कशाला बाई," ती म्हणाली, "माझं काय आता?"

हौसाने आईचे मनगट धरले आणि तिला आत घेतले. घोंगडीवरून चालताना चंद्राने पावले जपून टाकली.

बाई मडक्यापाशी उभ्या होत्या. दर नव्या लेकराला विचारावे तसेच, त्याच सुरात, त्याच मायेने त्यांनी विचारले, "तुमचं नाव काय?"

वाडीत तिला कुणी ज्ञानूची बायको म्हणे, कुणी हौसाची आय. नाव विचारणारे वर्षानुवर्षे कुणी भेटले नव्हते. ती लाजली, अडखळली. सोनसळी उन्हाची एक तिरीप कौलांतून उतरून तिच्या ओंजळीत पडली होती.

"चंद्रा."

लेकीने आपले दोन्ही हात आईच्या हातांखाली धरले. ओंजळ हळूहळू उघडली. तपकिरी, तुकतुकीत, उन्हात न्हालेले चिंचोके मडक्यात पडत राहिले, आणि सगळी शाळा एका सुरात म्हणाली,

"आपली!"