फितीच्या आतला बाप

क्रॉस कंट्रीची शर्यत बघायला येणारी माणसं शर्यत सोडून बाकी सगळं बघतात. मुली झाडांमागे दिसेनाशा झाल्या की ही मंडळी घडीच्या खुर्च्या उघडतात, थर्मासमधला चहा ओततात आणि दुसऱ्यांच्या मुलींच्या वजनावर मतं देतात. मुली परत आल्या की घसा फोडून ओरडतात, पुन्हा खुर्चीत बसतात.

माझे दाजी यांचे शिरोमणी. विमा कचेरीत विभागप्रमुख. बस सुटत असली तरी कधी धावले नाहीत, पण अजिंक्यपद स्पर्धेच्या दिवशी अंगात मुलीच्या संघाच्या रंगाचा ट्रॅकसूट आणि गळ्यात शिट्टी. शिट्टी कशाला, असं ताईनं निघताना विचारलं, तर म्हणाले, "तिची लय चुकली तर तिला कळायला नको?"

भाचीपुढचा प्रश्न सरळ होता. पहिल्या सहांत आली तर राष्ट्रीय संघात, नाही तर घरी. मागच्या वर्षी ती घरीच आली होती.

शेवटच्या फेरीत, चढाच्या पायथ्याशी, ती पाचवी होती. पोटऱ्या चिखलानं माखलेल्या, चेहरा शांत. मागच्या दोघी फार लांब नव्हत्या.

"हिला आता रेटायला पाहिजे," दाजी म्हणाले.

"दाजी, मार्गाला लावलेल्या फितीच्या आत जायचं नाही. सोबत कुणी धावलं तर पोरीला बाद करतात. कोच सकाळी घसा सुकेपर्यंत सांगत होते."

"ते परक्यांसाठी. मी बाप आहे तिचा!"

फीत उचलून ते आत शिरलेसुद्धा. एका हातात पाण्याची बाटली, तोंडात शिट्टी, आणि पोट पायांच्या अर्धा ठोका मागे. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. दिवसभरात त्यांना कळलेली शर्यत तेवढीच.

भाचीनं हातानं त्यांना बाहेर जायला सांगितलं. ते आणखी जवळ सरकले. चढाच्या माथ्यावर झेंडा घेऊन उभ्या असलेल्या पंचाची मान वळू लागली, आणि भाची थांबली. कमरेवर हात ठेवून चिखलात सरळ उभी राहिली. दाजी आपल्याच तंद्रीत शिट्टी फुंकत एकटे पुढे गेले. मागच्या दोघी तिला ओलांडून गेल्या. पंचानं दाजींचं बखोट धरून त्यांना बाहेर काढलं, तेव्हा ती पुन्हा पळाली.

सातवी आली. सहावीच्या पाठीला हात लागेल इतकी जवळ.

"थांबली म्हणून निकालात नाव तरी आहे," पंच मला म्हणाला. "नाही तर बादच होती."

तोवर दाजींभोवती चार खुर्च्या जमल्या होत्या. "चढावर दम संपला हो पोरीचा. मी होतो म्हणून निदान पूर्ण तरी केली."

भाची जवळच बुटांच्या ओल्या गाठी सोडवत बसली होती. तिनं ऐकलं. मान वर केली नाही. कोच टॉवेल घेऊन आले तेव्हा म्हणाली, "सर, पुढची शर्यत कुठे आहे ते पालकांच्या ग्रुपवर टाकू नका."

"अगं, बाबा मला फोन करतील."

"त्यांना दुसरंच मैदान सांगा."

मी विचारलं, "आणि मी?"

"तू ये रे मामा," ती गाठीशी झटापट करत म्हणाली. "तू काय, जागचा हलत नाहीस."